चाल लिहून केलेली नक्कल

१ एप्रिल १९८५ रोजी ब्रिटनमध्ये सहा गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड बाजारात आली. बँडचं नाव ‘द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर’. वादकांची नावं सर जॉन जॉन्स, द रेड कर्टन, लॉर्ड कॉर्नेलियस प्लम आणि ई. आय. ई. आय. ओवेन. निर्मात्यांच्या यादीत एक स्वामी आनंद नगरा. रेकॉर्ड लावली की आधी घड्याळाची टिकटिक, मग ऑर्गन, आणि मग गायक बजावतो की पंचवीस वाजले की तू माझी होशील. ऐकणाऱ्याला वाटावं, १९६७ सालचा कुठला तरी विसरलेला बँड माळ्यावरून खाली आला आहे. हे लोक नेमके कोण, ते कंपनीनंही सुरुवातीला कुणाला सांगितलं नाही.

खरे वादक होते इंग्लंडमधल्या स्विंडनचे, रेल्वे कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातले. अँडी पार्ट्रिज, कॉलिन मोल्डिंग आणि डेव्ह ग्रेगरी, म्हणजे ‘एक्सटीसी’ हा बँड, आणि ड्रमवर डेव्हचा भाऊ इयन. एक्सटीसीचे अल्बम १९७८ पासून येत होते. १९८२ मध्ये पार्ट्रिजला स्टेजवर उभं राहणं अशक्य झालं, दौरे कायमचे बंद पडले आणि बँड फक्त स्टुडिओत जगू लागला. १९८४ च्या अखेरीस एका कॅनेडियन गायिकेच्या अल्बमचं काम पार्ट्रिज आणि ध्वनिमुद्रक-निर्माता जॉन लेकी या दोघांच्याही हातून गेलं आणि अचानक मोकळे दिवस मिळाले. शाळकरी वयात ज्या गाण्यांनी वेड लावलं होतं तसली गाणी करायची हौस मनात होतीच. व्हर्जिन कंपनीकडून पाच हजार पौंड घेतले, हेरफर्डच्या चॅपल लेन स्टुडिओत डिसेंबरातले काही दिवस काढले आणि त्यातलेही थोडे पैसे उरले. ही टोपणनावाची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये एक्सटीसीच्या स्वतःच्या आदल्या अल्बमच्या दुप्पट खपली.

मला या बँडविषयी लिहायचं आहे ते केवळ तो आवडतो म्हणून नाही. दुसऱ्याची रीत उचलून, तिच्यावर हसत, तिच्यावर जीव टाकत केलेलं काम ही कला आहे की उसनवारी, हा प्रश्न आता रसिकांच्या गप्पांपुरता राहिलेला नाही. तो न्यायालयांत गेला आहे, कायद्याच्या कलमांत अडकला आहे आणि आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सवापर्यंत येऊन पोचला आहे. माझं मत सरळ आहे. अशी नक्कल ही एक विद्या आहे आणि आपल्या कॉपीराइट कायद्यानं तिला नाव घेऊन संरक्षण द्यायला हवं. आज ते नाही.

आधी या नकलेत किती मेहनत आहे ते पाहू. ड्यूक्सनी स्वतःला तीन नियम घालून घेतले होते. गाणी १९६७-६८ च्या सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नात किंवा नशेत असल्यासारख्या, रीतीतच बसली पाहिजेत. दोनपेक्षा जास्त टेक घ्यायचे नाहीत. आणि शक्य तिथे जुनीच यंत्रं वापरायची. १९८५ हे साल डिजिटल सिंथेसायझरचं आणि दार धाडकन आपटावं तशा ड्रमच्या आवाजाचं. त्या दिवसांत मागे जायचं तर हात पुन्हा शिकवावे लागतात. मेलोट्रॉन हे त्या काळी बर्मिंगहॅमकडे बनणारं, पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य घ्या. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक वेगळी पट्टी असते, तिच्यावर बासरीचा किंवा व्हायोलिनचा खरा सूर आधीच मुद्रित केलेला असतो, आणि तो जेमतेम आठ सेकंद टिकतो. म्हणजे वाजवणाऱ्यानं आठ सेकंदांच्या आत बोट उचलायचं आणि तरीही ऐकणाऱ्याला सूर तुटल्यासारखा वाटता कामा नये. टेप उलटी फिरवून गिटार घ्यायची तर कोणता सूर कुठे पडेल याचा हिशेब उलट्या दिशेनं मांडायचा. एकच मुद्रण दोन यंत्रांवर वाजवून एकाचा वेग किंचित ढळवला की आवाज पाण्यातून वाहत आल्यासारखा फिरतो, आणि हे ढळवणं बोटांच्या अंदाजानं करायचं असतं. साठच्या दशकातला तो स्वप्नाळू, रंगीत, डोकं गरगरवणारा आवाज अशा कारागिरीतून तयार झाला होता. तो पुन्हा उभा करायला नुसते कान पुरत नाहीत, त्या कारागिरांची कामाची पद्धत कळावी लागते.

जॉन लेकीला ती आतून माहीत होती. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तो १९७० मध्ये टेप चालवणारा पोऱ्या म्हणून लागला. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’, जॉन लेननचा ‘प्लास्टिक ओनो बँड’, पिंक फ्लॉइडचा ‘मेडल’ अशा अल्बमांच्या कामात त्याचा हात लागला होता. पुढे याच माणसानं स्टोन रोझेसचा पहिला अल्बम आणि रेडिओहेडचा ‘द बेंड्स’ घडवला. म्हणजे नव्वदीच्या तोंडावर इंग्लिश रॉकला ज्यांनी नवं वळण दिलं त्यांतल्या एकाच्या वाटेवर हे नकलेचं काम येतं, आणि ते त्याच्या खऱ्या कामापासून वेगळं काढता येत नाही. रेकॉर्डवरचा तो स्वामी आनंद नगराही लेकीच. तो रजनीशांच्या मार्गाला लागला होता, आणि त्या पंथाचा आश्रम १९७४ पासून आपल्या पुण्यात, कोरेगाव पार्कात होता. स्विंडनच्या एका खोडीवर पुण्याची अशी एक सही आहे, याचा मला फार आनंद होतो.

आता विनोदाचं. ड्यूक्सच्या एका गाण्यात नायक सायकलवरून चंद्राकडे निघतो आणि वाटेत स्पुटनिकचं टोक लागून त्याचं चाक पंक्चर होतं. दुसऱ्यात सरकारी खात्यातला एक ‘मोल’ बोलतो. हिरवळ उकरणारा प्राणी आणि आत पेरलेला हेर, दोन्ही अर्थ त्या एका इंग्रजी शब्दात आहेत, आणि संगीताची सगळी ठेवण बीटल्सच्या वॉलरसच्या गाण्यावरून घेतलेली. हे ऐकून हसू येतं, पण त्यात मूळ गाण्याचा उपहास नाही. कारण ब्रिटिश सायकेडेलियात हसणं आधीपासूनच होतं. बीटल्सचा वॉलरस लुईस कॅरलच्या कवितेतून आला होता. पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट सायकल, मांजर, उंदीर यांच्यावर बालगीतासारखी गाणी लिहीत होता. बॉन्झो डॉग बँड नावाचं एक विनोदी टोळकं १९६७ मध्ये बीटल्सच्याच चित्रपटात गात होतं, आणि त्यांच्या १९६८ च्या गाजलेल्या गाण्याच्या निर्मितीत पॉल मॅकार्टनीनं टोपणनाव घेऊन भाग घेतला होता. ज्या परंपरेची नक्कल करायची ती परंपराच मुखवटे घालून हसणारी. तेव्हा ड्यूक्सनी विनोद बाहेरून आणला असं म्हणता येत नाही, त्यांनी तो मूळ घरातूनच उचलला.

एक गाणं मात्र मला नेहमी गप्प करतं. १९८७ मध्ये ड्यूक्सनी दुसरा, दहा गाण्यांचा अल्बम केला, ‘सॉनिक सनस्पॉट’. त्याचं शेवटचं गाणं जवळजवळ पाच मिनिटांचं आहे आणि ते बीच बॉईज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनच्या रीतीवर बांधलेलं आहे. सुरुवातीला वाटतं, ही ओळखा पाहूची गंमत आहे. एकावर एक रचलेले गळे, मध्येच बदलणारी लय, आपण ओळखीच्या खुणा शोधत राहतो. मग केव्हा तरी खुणा शोधणं थांबतं. कुणीतरी कुणाला तरी मनापासून सांगतंय की तू फार मोलाची आहेस, एवढंच उरतं. पार्ट्रिज स्वतःच्या नावानं गाताना इतका उघडा क्वचित होतो. मुखवट्यानं त्याला ते बळ दिलं असावं असं मला वाटतं. आपल्याकडे सोंग घेतलेला माणूस जे बोलून जातो ते तो घरात बोलत नाही, हे बहुरूपी किंवा दशावतार पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. एक्सटीसीच्या नंतरच्या अल्बमांतही हा रंग उतरलेला दिसतो. नक्कल करता करता त्यांना स्वतःचा आवाज मोकळा सापडला.

मग अशा कामाला धोका कुठून येतो? त्यासाठी जॉर्ज हॅरिसनपाशी जावं लागतं, आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

साठच्या दशकात हॅरिसन स्वतः शिकाऊ नकलाकार होता. सतार शिकत त्यानं १९६६ मध्ये हिंदुस्थानी वळणाचं एक गाणं केलं. त्यावर तबला वाजवला अनिल भागवत यांनी, आणि बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या मागच्या बाजूला त्यांचं नाव छापलं गेलं. १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईला आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यानं ध्वनिमुद्रण केलं. ज्याला आज ‘सिक्स्टीज साउंड’ म्हणतात त्यातला मोठा ऐवज असा आपल्या गल्लीबोळांतून गेलेला आहे. ड्यूक्स ज्यांची नक्कल करत होते ते आधी आपली नक्कल करत होते. आणि तो ऐवज बिनचूक नव्हता, राग अर्धवट, तालाची समज नवखी. पण भागवतांचं नाव छापलेलं होतं. ही बाब मी पुढे पुन्हा काढणार आहे.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं निकाल दिला की हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये एका जुन्या अमेरिकन गाण्याची चाल आली आहे. न्यायाधीशांनी म्हटलं की त्यानं ती जाणूनबुजून घेतली नाही, नकळत मनातून उतरली. तरीही तो जबाबदार ठरला आणि १९८१ मध्ये ५,८७,००० डॉलरची रक्कम ठरली. ज्याला इतकं सोसावं लागलं त्यानं नक्कल करणाऱ्यांचा राग धरायला हवा होता. झालं उलट. विनोदी नट एरिक आयडल आणि बॉन्झो डॉग बँडमधला गीतकार नील इनेस यांनी बीटल्सची फिरकी घेणारा ‘द रटल्स’ नावाचा खोटा बँड उभा केला, आणि १९७८ मध्ये त्यावरचा टीव्ही चित्रपट अमेरिकेत दाखवला गेला, तेव्हा हॅरिसन त्यात वार्ताहराची भूमिका करत होता. ज्याची नक्कल झाली तोच सोबत उभा होता.

दावा बीटल्सपैकी कुणीच केला नाही. तो केला ‘एटीव्ही म्युझिक’नं, कारण बीटल्सच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क तेव्हा त्या कंपनीकडे होते. इनेसनं ती गाणी स्वतः लिहिली होती, जुन्या चाली समोर ठेवून उतरवली नव्हती. तरी त्याला आपल्या गाण्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा सोडावा लागला. पुढे नियतीनं काटा फिरवला. १९९४ मध्ये ओएसिस या बँडच्या एका गाण्यात इनेसच्याच जुन्या चालीचा भाग निघाला आणि गीतकारांत इनेसचं नाव लागलं. एकाच माणसाच्या आयुष्यात हक्काच्या दोन्ही बाजू आल्या. कुणी कुणाकडून घेतलं याचा न्याय शेवटी गाणं कुणाच्या मनातून आलं यावर होत नाही, कागद कुणाच्या कपाटात आहेत यावर होतो. मला यातला अन्याय टोचतो तो असा.

आणि अलीकडे तर चालीपलीकडे जाऊन ‘ढंगा’वरच हक्क सांगितला जातो. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीनं ‘ब्लर्ड लाइन्स’ हे गाणं अमेरिकन गायक मार्विन गेच्या १९७७ च्या गाण्याची नक्कल ठरवलं आणि २०१८ मध्ये वरच्या न्यायालयानंही ते मुख्यतः कायम ठेवलं. सुरांचा मेळ थोडा, पण पार्टीतला गलका, बेसची चाल, एकूण वातावरण सारखं, अशी ती तक्रार होती. त्या निकालानंतर संगीतकार कुठल्या जुन्या गाण्यानं प्रेरणा दिली हे बोलायला बिचकू लागले. ज्या गोष्टीचा अभिमानानं उल्लेख करायचा तीच लपवावी लागली. ड्यूक्सची सगळी रेकॉर्ड म्हणजे असा ढंगच ढंग आहे. १९८५ मध्ये त्यांना कुणी न्यायालयात खेचलं नाही ही त्या काळाची समज होती. ती समज आता गृहीत धरता येत नाही.

ब्रिटननं मात्र त्या निकालाआधीच, १ ऑक्टोबर २०१४ पासून, आपल्या कॉपीराइट कायद्यात व्यंगचित्रण, विडंबन आणि पास्टिश या तिन्हींना नाव घेऊन सूट दिली. पास्टिश म्हणजे कुठल्या तरी रीतीचं जाणतं अनुकरण, ड्यूक्सनी केलं तेच. शिवाय कुठल्याही करारानं ही सूट काढून घेता येणार नाही असंही तिथे लिहिलं आहे. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशातही हेच तीन शब्द आहेत, आणि २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयानं विडंबनाची खूण सांगितली: मूळ कृती आठवली पाहिजे, पण वेगळेपण स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि त्यात विनोद किंवा थट्टा असली पाहिजे.

आपल्याकडे काय? मराठीला तर ही गोष्ट शिकवण्याची गरजच नसावी. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हापासून आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ लिहिलेली असते. हे पद अमक्या लावणीच्या, अमक्या साकीच्या, अमक्या कानडी गाण्याच्या, अमक्या बंदिशीच्या चालीवर. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवरून पदं बांधली आणि ती मराठी माणसाच्या गळ्यात कायमची बसली. बुवांना कुणी चोर म्हटलं नाही, कारण उसनं घेतल्याचं पानावरच कबूल होतं आणि जे घेतलं त्यात त्यांनी स्वतःचं ओतलं होतं. विडंबनाचं तर विचारूच नका. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली, त्यात केशवसुतांची ‘आम्ही कोण’सुद्धा सुटली नाही. त्यांनी वृत्त धरलं, शब्दांची ठेवण धरली, कवींची लकब अशी पकडली की मूळ कविता ज्याला पाठ आहे त्यालाच पूर्ण हसता येतं. म्हणजे ते विडंबन वाचायचं तर आधी केशवसुत वाचावे लागतात. विडंबनानं मूळ कवितेचे वाचक पळवले नाहीत, तिचे वाचक राखले. मी शाळेत असताना घरी आधी झेंडूची फुले ऐकली आणि मग मूळ कविता शोधल्या, माझ्या पिढीत असं झालेले बरेच जण सापडतील.

एवढी परंपरा पाठीशी असून १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात ‘विडंबन’ हा शब्द नाही. कलम ५२ मध्ये न्याय्य वापराला सूट आहे ती खासगी उपयोग नि संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन एवढ्यांपुरती. विडंबनकारानं न्यायालयात जाऊन म्हणायचं की माझी थट्टा ही समीक्षाच आहे. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं हे मान्य केलं होतं. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी ‘प्रति-नाटक’ लिहिलं, मूळातली पात्रं आणि संवाद घेऊन. न्यायालयानं त्याचा हेतू टीकेचा आहे हे पाहिलं आणि ते रोखलं नाही. त्याआधी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद प्रकरणात सांगितलं होतं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. हे दोन्ही निकाल मला मोलाचे वाटतात. पण केरळचा निकाल मुंबईच्या न्यायालयाला बांधत नाही. आणि ड्यूक्ससारख्या कामाला तो आधार अपुराच पडेल, कारण तिथे टीका नाही, तिथे प्रेम आहे. आपला कायदा टीकाकाराला थोडी जागा देतो, प्रेम करणाऱ्याला देत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३१-सी तर आणखी अडवतं. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षं झाल्यावर ठरावीक मोबदला भरून कव्हर व्हर्जन करता येतं, पण मूळ शब्दांत किंवा सुरांत तांत्रिक गरजेबाहेर बदल करायचा नाही. मोबदलाही वर्षाला किमान ५०,००० प्रतींचा धरून आगाऊ भरायचा. म्हणजे गाणं जसंच्या तसं, काहीही न घालता पुन्हा विकायचं तर दार उघडं, आणि त्यात स्वतःची बुद्धी घालायची तर मालकाच्या दारात उभं राहायचं. कलेच्या दृष्टीनं हे उफराटं आहे.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी सातवी-आठवीच्या मुलांनी पाण्याच्या टँकरवर गाणं बसवलं, एका जुन्या भावगीताच्या चालीवर. शब्द त्यांचे. टँकर येईल का, आला तर कितव्या मजल्याला आधी, सेक्रेटरी काका फोन का उचलत नाहीत, असं. एका मुलीनं आधी माइकवर मूळ गीतकार आणि संगीतकारांची नावं घेतली, मग पेटी सुरू झाली. म्हणजे कुणी न सांगता तिनं ‘चाल’ लिहिली. आजी-आजोबा मूळ गाणं मनात म्हणत होते आणि मुलांचे शब्द ऐकून डोळे पुसत हसत होते. ते चित्रण मुलांनी नेटवर चढवलं आणि दोन दिवसांत त्याचा आवाज बंद केला गेला. कुणा माणसानं ते ऐकून ठरवलं असेल असं वाटत नाही, यंत्रानं चाल ओळखली आणि दावा लागला. दाद मागायचा एक अर्ज होता. त्यात कारण निवडायचं होतं, आणि त्या यादीतलं एकही कारण आपल्या कायद्यात त्या मुलांच्या कामाला नीट लागू पडत नव्हतं.

या मताला विरोध आहे, आणि त्यातला एक भाग मला खरा वाटतो. दुबळ्यांची कला उचलणाऱ्यांना ही सूट म्हणजे मोकळं रान होईल, असं म्हणतात. साठच्या दशकातलं रॉक स्वतःच याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या ओळी आणि चाली इंग्लिश मुलांनी उचलल्या, नावं गाळली आणि कोट्यधीश झाले. लेड झेपलिनच्या एका प्रसिद्ध गाण्यावर विली डिक्सन यांना १९८५ मध्ये दावा लावावा लागला, १९८७ मध्ये तडजोड झाली, तेव्हा नाव लागलं. आपल्याकडे लावणी गाणाऱ्या बायका, गोंधळी, जलशांचे शाहीर यांच्या किती चाली चित्रपटांत गेल्या आणि पडद्यावर ‘पारंपरिक’ एवढाच शब्द आला. हा अन्याय आहे, आणि मी ज्या सुटीची मागणी करते तिनं तो झाकला जाऊ नये. पण पाहा, फरक नेमका कुठे पडतो. ड्यूक्सनी स्वतःचं नाव लपवलं, मूळ लोकांचं नाही. त्यांच्या प्रत्येक गाण्यात ते कुणाचं ऋण घेत आहेत हे ओरडून सांगितलेलं आहे, न कळलं तर गंमतच संपते. चोरीत उलटं असतं. तिथे मूळ कळलं तर काम बिघडतं. नकलेला मूळ माणूस आठवायला हवा असतो, चोराला तो विसरायला हवा असतो. कायद्याला एवढी कसोटी लावणं अवघड नाही, आणि तिच्यात मूळ निर्मात्याचा उल्लेख सक्तीचा केला तर ज्यांची नावं आजवर गाळली गेली त्यांनाच तिचा फायदा आहे.

दुसरा आक्षेप, जुन्याची नक्कल नव्याची जागा खाते. जुन्या हिट गाण्यांचे कार्यक्रम करून सभागृहं भरतात आणि नव्या संगीतकाराला तारीख मिळत नाही, हे मलाही दिसतं. पण ते कार्यक्रम कायद्यानं सुरळीत चालतात, कारण त्यांत काहीच बदललेलं नसतं. अडतो तो बदल करणारा.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि जड आहे. यंत्रं आता कुणाच्याही ढंगात गाणं तयार करतात. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेत सुनो आणि युडिओ या दोन कंपन्यांवर दावे लावले, आमची ध्वनिमुद्रणं न विचारता यंत्राला खाऊ घातली म्हणून. रीतीच्या अनुकरणाला सूट दिली तर उद्या यंत्राचे मालक तीच पुढे करतील, ही भीती खोटी नाही. म्हणून सूट कृतीला द्यावी, पोत्यानं केलेल्या साठवणीला नाही. लाखो गाणी यंत्रात भरणं हा वेगळा व्यवहार आहे, त्याचं वेगळं कलम हवं आणि त्यात निर्मात्यांना पैसे मिळायला हवेत. त्या व्यवहाराच्या भीतीनं मेलोट्रॉनच्या आठ सेकंदांत बोट उचलायला शिकणाऱ्या माणसाची वाट बंद करणं मला मान्य नाही. यंत्र लाखो गाण्यांची सरासरी काढतं. पार्ट्रिजनं आपल्या लहानपणातली, त्याच्या एकट्याच्या कानात घर केलेली मोजकी गाणी निवडली आणि त्यांना उत्तर दिलं.

तेव्हा मागणी अशी. कलम ५२ मध्ये ‘टीका किंवा समीक्षा’ यांच्या शेजारी ‘विडंबन आणि रीतीचं अनुकरण’ हे शब्द यावेत. मूळ निर्मात्याचा उल्लेख शक्य तिथे करावा ही अट सोबत असावी. लेखकाचा मान राखणारं कलम ५७ तसंच राहावं, पण नुसती थट्टा म्हणजे मानहानी नव्हे हे त्यात स्पष्ट करावं. आणि ज्या संकेतस्थळांवर यंत्र आवाज बंद करतं, तिथे दाद मागायच्या यादीत हे कारण असणं बंधनकारक करावं, आणि ती दाद माणसानं ऐकावी. यातलं काहीही जगावेगळं नाही. ब्रिटनमध्ये ही सूट दहा वर्षांहून जास्त काळ लागू आहे आणि तिथला संगीतधंदा त्यापायी बुडालेला नाही.

यंदाच्या गणपतीसाठी मुलांची तालीम सुरू झाली आहे. विषय लिफ्टचा आहे, चाल एका नाट्यपदाची घेतली आहे, आणि माइकवर नावं घेणारी मुलगी तीच आहे. तिनं मला विचारलं, या वेळी रेकॉर्ड करून टाकायचं का. हौशी मंडळानं तिकीट न लावता स्टेजवर म्हणायला कायद्यात सूट आहे, ते मला माहीत होतं, तेवढं मी तिला सांगितलं. रेकॉर्डिंग फोनमध्येच ठेवा म्हटलं.